हात धरायच्या जागा

अत्तारबाई भर रस्त्यात उकिडव्या बसायच्या. वय अडुसष्ट, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि पाठीवर पहिलीतल्या मुलीचं गुलाबी दप्तर. दप्तरावर पंख फुटलेल्या घोड्याचं चित्र. सकाळी साडेसातला दिल्लीतल्या मयूर विहारच्या मोठ्या रस्त्यावर स्कूलबस, कॅब आणि उलट्या बाजूने घुसणाऱ्या मोटरसायकली यांची झुंबड उडालेली असायची आणि त्यातच बाई फुटपाथच्या कडेला बसून समोर टक लावायच्या. ई-रिक्षावाले थांबून विचारायचे, "माताजी, तबीयत ठीक है?" बाई त्यांना हातानेच पुढे जायला सांगायच्या. मग मान वर करून मला म्हणायच्या, "सबनीस, बसा."

मला बसायचं नसायचं. माझा डावा गुडघा निवृत्तीच्या आधीपासून कुरकुरतो. "अहो बाई, इथून दिसतंय की सगळं."

"तुम्हाला दिसतंय. सहा वर्षांच्या पोराला काय दिसतं ते बघायचंय. बसा."

तोंडातल्या तोंडात चरफडत मी बसायचो. समोर एका गाडीचं बॉनेट, त्याच्या मागे दुसऱ्या गाडीचं चाक. रस्त्याची पलीकडची बाजू दिसायचीच नाही. "दिसला पलीकडचा फुटपाथ?" बाई विचारायच्या. मी नाही म्हटलं की त्या वही काढून लाल पेन्सिलीने एक रेघ मारायच्या. त्या एका रेघेपायी माझा गुडघा दिवसभर ठणकायचा.

हा सगळा उपद्व्याप शाळेसाठी जागा निवडायचा होता. आमचं मंडळ पूर्व दिल्लीतल्या मराठी माणसांचं. सरकारी कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या लोकांनी फार वर्षांपूर्वी आपल्या मुलांसाठी एक छोटी प्राथमिक शाळा काढली. पुढे मराठी मुलं मोठ्या नावाच्या शाळांकडे गेली आणि आमच्याकडे मराठीचा एक तास तेवढा उरला. मुलं मात्र कधी कमी पडली नाहीत. निम्मी आसपासच्या फ्लॅटमधली, निम्मी नाल्यापलीकडच्या झुग्ग्यांतली, म्हणजे झोपड्यांतली. एका बाकावर बसायची, एकमेकांचे डबे खायची, एकमेकांच्या उवा घरी न्यायची. हे आपोआप झालेलं नव्हतं. अत्तारबाई तिथे वीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या आणि बाकावर कोण कुठे बसणार ते त्या स्वतः ठरवायच्या. मिरजेहून लग्न होऊन दिल्लीत आलेल्या ह्या बाईंनी मिरजेचं मराठी आणि मिरजेचा हट्ट, दोन्ही जसंच्या तसं सांभाळलं होतं.

शाळेची जुनी इमारत धोकादायक ठरली आणि प्राथमिक शाळांसाठी राखलेल्या दोन जागा मंडळापुढे आल्या. त्यातली एक निवडायची. पाच जणांची समिती नेमली, आणि जागा पाहायचं काम माझ्यावर आणि बाईंवर आलं. मी सरकारी कंपनीतून निवृत्त झालेला इंजिनिअर, नकाशे वाचण्यात जन्म गेलेला. मला ते काम एका संध्याकाळचं वाटलं. मी भागाचा नकाशा टेबलावर पसरला, दोन्ही जागांवर कंपासचं टोक रोवलं आणि एकेक किलोमीटरची दोन सुबक वर्तुळं काढली. दोन्ही वर्तुळांत झुग्ग्याही येत होत्या आणि फ्लॅटही. झालं काम, म्हणून मी चहा मागवला.

बाईंनी चष्मा लावून वर्तुळं पाहिली. "सुरेख आलीत," त्या म्हणाल्या. "पण आपली मुलं पाखरं आहेत का, सरळ उडत यायला? हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, सबनीस. आधी चालून बघू."

"आधी चालून बघू" हे वाक्य पुढच्या पाच महिन्यांत मी इतक्यांदा ऐकलं, की झोपेतही दचकायचो. चालायचं तेही साधं नाही. दप्तर पाठीला हवं, आणि दप्तरात पहिलीची सगळी पुस्तकं, डबा, भरलेली पाण्याची बाटली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर बाईंनी ते तोलून घेतलं होतं, साडेतीन किलो. एकदा मी बाटली गुपचूप रिकामी केली, तर अर्ध्या वाटेत त्या थांबल्या, पाठ हलवून पाहिली आणि मला मागे फिरवलं. रिक्षा करू म्हटलं तर म्हणायच्या, "रिक्षाने गेलो तर रिक्षाला शाळा सापडेल. पोराला कशी सापडणार?" शिवाय चाल मुलाची हवी. म्हणजे कुत्र्याचं पिल्लू दिसलं की थांबायचं, चप्पल निसटली की थांबायचं. माझ्यासारख्या झपझप चालणाऱ्या माणसाचे नाकी नऊ यायचे.

आणि मोजायचं काय, तर मीटर नव्हे, मिनिटंही नव्हेत. बाई हात मोजायच्या. घरापासून शाळेपर्यंत जिथे जिथे मोठ्या माणसाला मुलाचा हात धरावाच लागतो, ती प्रत्येक जागा म्हणजे एक हात. रस्ता ओलांडायचा, एक हात. फुटपाथवर कुणी जनरेटर ठेवलाय म्हणून रस्त्यावर उतरायचं, एक हात. गाडी मागे घेणाऱ्याला मूल दिसणार नाही असं वळण, एक हात. "आई कामावर गेली की पोराचा हात कोण धरणार?" त्या म्हणायच्या. "पाच-सहा हातांची वाट असेल तर मोठी बहीण धाकट्याला आणते. दहाच्या वर गेली की आई म्हणते, राहू दे आज. आणि ते 'आज' मग रोजचं होतं."

आता त्या दोन जागा. पहिली नाल्याच्या काठावर, पूल उतरला की लगेच. वेडीवाकडी, तिरकी, लहान. झुग्ग्यांपासून चार हात, फ्लॅटपासून पाच. दुसरी जागा आमच्या सोसायटीच्या पुढच्या गेटासमोर. चौकोनी, प्रशस्त, झाडं असलेली, बसला वळायला जागा. मी पाहताक्षणी दुसरीच्या प्रेमात पडलो आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. माझी नात ईरा तेव्हा चार वर्षांची होती. शाळा घराखाली आली तर ती माझं बोट धरून चालत जाईल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं. समितीत मी ते बोललो नाही. समितीत मी नाल्याच्या वासाबद्दल बोललो. "बाई, त्या वासात फ्लॅटवाले मुलं पाठवणार नाहीत."

"वास दोन्हीकडच्या मुलांना सारखाच येईल," बाई म्हणाल्या. "सारखं मिळण्यासारखं तेवढं तरी आहे."

आमच्या सोसायटीसमोरच्या जागेचं एकच घोडं अडलेलं होतं. झुग्ग्यांतल्या मुलांना तिथे यायला दोन वाटा. एक, नाल्याचा पूल उतरून मागच्या गल्लीतून आमच्या सोसायटीच्या तीन नंबरच्या गेटात शिरायचं, आतल्या रस्त्याने एक नंबरच्या गेटाने बाहेर पडायचं, की समोर शाळा. पाच हात. दुसरी वाट सोसायटीला वळसा घालून मोठ्या रस्त्याने, फ्लायओव्हरच्या खालून. ती बाईंनी तीनदा चालून मोजली आणि तिन्ही वेळा सतराच हात निघाले. नकाशात मी अर्थातच पहिली वाट धरली होती. नकाशात ती सरळ आणि मोकळी दिसत होती.

"नकाशात कुलूप दिसत नाही, सबनीस," बाई म्हणाल्या.

तीन नंबरच्या गेटाला कुलूप असायचं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी तिथे अठरा वर्षं राहत होतो. गेट सकाळी सहा ते सात उघडायचं, कामवाल्यांसाठी, तेही पास दाखवून. पण मी कधी त्या गेटाने गेलोच नव्हतो, त्यामुळे ते कुलूप माझ्या लेखी नव्हतंच.

बाईंनी मग काय करावं? एका सकाळी त्या सोनमला घेऊन त्या गेटाशी उभ्या राहिल्या. सोनम पहिलीतली, दोन वेण्यांची, सारखे प्रश्न विचारणारी मुलगी. तिची आई शीला आमच्याच घरी भांड्याला यायची. मी बाईंच्या मागे चार पावलांवर वैतागून उभा होतो. गार्ड म्हणाला, "माताजी, आप आ जाइए। बच्ची का पास?"

"इसकी माँ अंदर बर्तन माँज रही है। उसका पास है?"

"उसका तो है जी।"

"यह उसी की बेटी है।"

"बच्चों का पास नहीं बनता, आंटी।"

तेवढ्यात गार्डचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्याने सलाम ठोकला आणि गेट सताड उघडलं. आम्ही तिघं आत शिरलो, पाच हातांत शाळेच्या जागेवर पोहोचलो. मी विजयी मुद्रेने म्हटलं, "बघा, उघडलं की नाही?"

"तुमच्यासाठी उघडलं," बाई म्हणाल्या. सोनमने विचारलं, "अंकल, आप रोज आओगे?" मला तो प्रश्न पोरकट वाटला. मी हसून तिच्या डोक्यावर टपली मारली.

तरी मी सोसायटीचे सेक्रेटरी भाटियाजी यांच्याकडे गेलो, आणि हट्टाने बाईही आल्या. भाटियाजी दिलदार माणूस, समोसे मागवल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांची सगळी काळजी शाळेला येणाऱ्या गाड्यांची होती. मुलांच्या गेटाचं काढताच ते म्हणाले, "अरे सबनीस जी, बच्चे तो अपने ही हैं। खुलवा देंगे, इसमें क्या है। हमें किसी से प्रॉब्लम थोड़ी है, बस सिस्टम देखना पड़ता है।"

जिन्यात बाई म्हणाल्या, "लिहून घ्या."

"अहो, शेजारी राहतो तो माणूस! दिवाळीला मिठाई पाठवतो. त्याच्याकडून काय लिहून घेऊ?"

"प्रॉब्लम कुणाशीच नसतो, फक्त सिस्टम असते," बाई म्हणाल्या. "मला ही सिस्टम ठाऊक आहे. आम्ही नवरा-बायको चार वर्षं हिच्यात भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर घर रिकामं असायचं. नाव सांगितलं की नुकतंच कुणीतरी घेतलेलं असायचं. चहा मात्र सगळ्यांनी पाजला." एवढंच बोलून त्या जिना उतरू लागल्या. मी चरफडत मागून उतरलो.

मे महिन्यात निर्णयाची बैठक ठरली. आदल्या दिवशी दुपारी दीडला बाईंचा फोन. शाळा सुटायच्या वेळेची वाट उन्हात चालून पाहायची राहिली आहे, या. बाहेर पंचेचाळीस डिग्री. माझा तोल सुटला. मी ओरडलो, "बाई, तुम्हाला शाळा बांधायचीच नाहीये! तुम्हाला नुसतं चालायचंय!" मग त्या म्हणाल्या, "बरं, मी एकटी जाते." आणि गेल्याही. मला संध्याकाळी शीलाकडून कळलं, की अत्तार मॅडम भर दुपारी दप्तर घेऊन पुलावर सावली शोधत होत्या. तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मला आणखीच संताप आला.

बैठकीत दोन मतं नाल्याकडे पडली, दोन सोसायटीकडे. पाचवं माझं. बाईंनी वही उघडून शांतपणे वाचलं, "सबनीसांची जागा चांगली आहे. गेट उघडं असेल तर पाच हात, मी स्वतः हिलाच मत देईन. गेट बंद असेल तर सतरा. प्रश्न जागेचा नाही, गेटाचा आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी छाती काढून म्हणालो, "गेटची जबाबदारी माझी. मी तिथे राहतो." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, लाल पेन्सिलीने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. मी माझं मत दिलं. त्यांनीही आपलं मत बदलून माझ्या बाजूने दिलं.

शाळा बांधून व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागली. पहिल्या दिवशी रांगोळी, तोरण, पेढे. तीन नंबरचं गेट बंद. मी भाटियाजींकडे गेलो. ते म्हणाले, कमिटीत विषय घेतो. मग म्हणाले, सीसीटीव्ही बसू द्या. मग म्हणाले, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. मग म्हणाले, "सबनीस जी, आज बच्चे आएँगे, कल उनके पीछे-पीछे कौन आएगा, इसकी गारंटी आप लेंगे?" मी परत यायचो, चिडायचो, घरच्यांवर ओरडायचो आणि दोन आठवडे गप्प बसायचो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. लिफ्टमध्ये रोज ज्यांची तोंडं बघायची, त्यांच्याशी किती भांडणार?

झुग्ग्यांतली मुलं सतरा हातांनी येऊ लागली. आणि मग, बाई म्हणाल्या होत्या तसंच, येईनाशी झाली. पावसाळ्यापर्यंत निम्मी राहिली. एकदा भांडी घासता घासता शीला म्हणाली, "अंकल, सोनम को उधर वाले स्कूल में डाल देंगे। कौन घुमा के लाए रोज। मैं तो छह बजे इसी गेट से अंदर आ जाती हूँ।" तिने ते मला टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मी पेपर तोंडापुढे धरला, पण एक अक्षर वाचलं नाही.

सोनमचं नाव कटलं नाही, कारण बाई. सत्तरी उलटलेल्या बाई रोज सकाळी पावणेसातला पुलाच्या तोंडाशी हजर असायच्या, पाठीवर तेच गुलाबी दप्तर. उरलेल्या मुलांना घेऊन त्या सतराच्या सतरा जागी हात धरत शाळेपर्यंत यायच्या आणि दुपारी परत न्यायच्या. मी कधी गच्चीतून बघायचो. फ्लायओव्हरखालून मुलांची साखळी यायची, टोकाला बाईंची साडी. मी रोज वाट पाहायचो, की आज बाई मला बोलतील. "काय झालं तुमच्या जबाबदारीचं, सबनीस?" एवढं तरी. एकदाही बोलल्या नाहीत. शाळेच्या दारात भेटल्या की म्हणायच्या, "गुडघा कसा आहे?" ते ऐकून मला कुठे तोंड लपवावं असं व्हायचं. भांडल्या असत्या तर मीही चार शब्द ऐकवून मोकळा झालो असतो.

डिसेंबरात धुकं आणि धूर एक झाले, समोरचा खांब दिसेना. बाईंना खोकला लागला. तरी आठवडाभर त्या गळ्याभोवती मफलर गुंडाळून, हातात टॉर्च घेऊन येत राहिल्या. मग छातीत कफ भरला. पुण्याहून त्यांचा मुलगा आला आणि आता इथे राहायचं नाही म्हणाला. निजामुद्दीन स्टेशनवर मी पोहोचवायला गेलो. बाई डब्यात खिडकीशी बसल्या होत्या, अंगाने निम्म्या झालेल्या. मुलाला म्हणाल्या, "ते दे त्यांना." त्याने सीटखालून गुलाबी दप्तर काढून माझ्या हातात ठेवलं.

"वजन कमी करू नका," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सवय आहे."

घरी येऊन दप्तर उघडलं. पहिलीची पुस्तकं, डबा, भरलेली बाटली आणि ती वही. पानोपान वाटा आणि हात. आमच्या जागेचं पान मी शोधून काढलं. मला वाटलं होतं, तिथे पाच खोडून सतरा केलेले असतील. तसं काही नव्हतं. लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, "५ हात", आणि पुढे "सबनीस". बैठकीत लिहिलेलं तेच. कित्येक महिने रोज सतरा हात चालणाऱ्या बाईंनी माझा आकडा खोडला नव्हता. मी खुर्चीत बसलो आणि मला रडू आलं. बायकोने विचारलं काय झालं, तर मी तिच्यावरही खेकसलो.

त्यानंतर मी माणसांतून उठलो. सह्यांचे कागद घेऊन चार ब्लॉकची दारं ठोठावली. काही दारं माझ्या तोंडावर बंद झाली, पत्त्यांच्या अड्ड्यावर माझ्यासाठी खुर्ची उरेना. मी कमिटीला सांगितलं, आधी चालून बघा. भाटियाजींना एका सकाळी दप्तर पाठीला लावून मोठ्या रस्त्याने नेलं. सातव्या हाताला त्यांनी रिक्षा केली. शेवटी सोसायटीच्या सभेत उभा राहून म्हणालो, "शीला के पास हमारे छह घरों की चाबियाँ हैं। चाबी देने में डर नहीं लगा। उसकी नौ साल की बेटी हमारे रास्ते से निकल जाए, तो डर लगता है?" बराच गोंधळ झाला. कुणी म्हणालं भावनिक होऊ नका, कुणी म्हणालं मग किल्ली तुम्हीच सांभाळा. ते चिडून म्हणालेलं वाक्य मी उचललं आणि कार्यवृत्तात लिहून घेतलं. या वेळी लिहून घेतलं. सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास गेट उघडायचं, किल्ली सबनीसांकडे, आणि त्या वेळात सबनीसांनी तिथे जातीने उभं राहायचं.

जुलैत शाळा उघडली त्या सकाळी मी सव्वासातला कुलूप काढलं. पुलावरून अकरा मुलं आली, पुढे सोनम. गेटाशी थबकून तिने विचारलं, "अंकल, अब आप रोज आओगे?" ह्या वेळी मी टपली मारली नाही. रोज येईन म्हणालो. मग दप्तर पाठीला लावून त्यांच्यामागून चालत गेलो आणि मोजलं. पाच. परत फिरून आलो आणि पुन्हा मोजलं. पाचच.

तिथूनच पुण्याला फोन लावला. मुलाने फोन बाईंच्या कानाशी धरला असावा. मी मोठ्याने म्हणालो, "बाई, गेट उघडलं! पाच हात!" श्वासाचा आवाज आला. मग बाई सावकाश म्हणाल्या, "हे जातानाचं झालं. परतीचं मोजलंत?"

माझं डोकं फिरलं. तीन वर्षांचं काम, सोसायटीशी वैर, आणि शाबासकीचा एक शब्द नाही! मी म्हटलं, "मोजतो," आणि फोन ठेवला. ऑक्टोबरात बाई गेल्या. त्या फोननंतर आमचं बोलणं झालं ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा त्यांनी तेच विचारलं.

परतीचे सहा आहेत. शाळा सुटायच्या वेळी एक नंबरच्या गेटाशी मुलांना न्यायला आलेल्या गाड्या अशा खेटून उभ्या असतात, की मुलांना रस्त्याच्या मधोमध उतरावं लागतं. सगळ्यात पुढची गाडी आमची. सून घरूनच काम करते, शाळा गेटापासून हाकेच्या अंतरावर, पण ईराला आणायला ती गाडी काढते. माझं बोट धरून चालत जाणारी ईरा अशी कधी झालीच नाही. बाहेरची मुलं असतात, ऊन असतं, धूळ असते, असं सून म्हणते.

काल जेवताना मी विषय काढला. सून म्हणाली, "बाबा, यार, पाच मिनिटांचा तर रास्ता आहे. एका गाडीने काय होतं?"

मी उठलो, खुंटीवरचं गुलाबी दप्तर आणलं आणि तिच्यापुढे धरलं.

"हे काय?"

"साडेतीन किलो. उद्या दुपारी दीडला. गाडीचं नंतर ठरवू, आधी चालून बघू. आणि गेटाशी गेल्यावर मी बस म्हटलं की बसायचं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तीन वर्षं बाईंकडे अगदी तसाच बघत होतो.